पासष्ट किलोंचा दिवा

जेवणाच्या टेबलावर नेमका मधोमध उजेड हवा, तर दिवा छताला टांगावा लागतो. आणि एकदा टांगला, की टेबलाची जागाही ठरून जाते. टेबल खिडकीपाशी सरकवले, तरी दिवा जुन्याच जागी लोंबकळत राहतो. इटलीतल्या मिलान शहरातील आकिले आणि पिएर जाकोमो कास्तिल्योनी या वास्तुविशारद भावांनी १९६२ साली या अडचणीवर तोड काढली. त्यांचा ‘आर्को’ दिवा आज साठ वर्षे उलटल्यावरही तयार होतो, आणि जगभरच्या घरांत व संग्रहालयांत तो उभा आहे.

कल्पना त्यांना रस्त्यावरच्या दिव्यावरून सुचली. त्याचा खांब कडेला असतो, पण उजेड रस्त्याच्या मध्यावर पडतो. हेच घरात करायचे, तर खांब टेबलापासून दूर हवा आणि दिवा थेट ताटांवर. शिवाय जेवणाऱ्यांच्या खुर्च्यांमागून वाढणाऱ्याला सहज जाता यावे, एवढी वाट मोकळी हवी. म्हणून आर्कोची पोलादी कमान सुमारे २.४ मीटर उंच जाते आणि सुमारे दोन मीटर पुढे झुकते. ती एकसंध नाही. एकमेकांत सरकणारे तीन तुकडे जोडून ती केली आहे, त्यामुळे दिवा हवा तसा जवळ किंवा लांब घेता येतो. विजेची वायर या तुकड्यांच्या पन्हळीतून नेलेली असल्याने ती बाहेर लोंबत नाही. टोकाच्या ॲल्युमिनियमच्या टोपीला वरून भोके आहेत. त्यांतून बल्बची उष्णता निघून जाते.

इतक्या लांब झुकलेल्या कमानीचा तोल सांभाळायला तळाशी मोठे वजन लागते. त्यासाठी कारारा येथील पांढऱ्या संगमरवराचा सुमारे पासष्ट किलोंचा ठोकळा वापरला आहे. त्याच्या कडा तासलेल्या आहेत, कारण येता-जाता पायाला धारदार कोपरा लागू नये. ठोकळ्यात आरपार एक गोल भोक आहे. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. प्रत्यक्षात त्यातून झाडूचा दांडा घालायचा आणि दोघांनी दोन्हीकडून धरून दिवा उचलायचा, अशी ती सोय आहे. या दिव्यात निव्वळ शोभेसाठी केलेले असे काहीच नाही, आणि तरीही तो देखणा आहे. इटलीच्या दिव्यांचे खरे नवल हेच.

दिव्यांची परंपरा इटलीला नवी नव्हती. व्हेनिस प्रजासत्ताकाने १२९१ साली आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, आणि तिथल्या कारागिरांनी पुढे काचेची फुलेपाने लावलेली झुंबरे घडवून युरोपभर नाव कमावले. झुंबर मुख्यत्वे पाहण्यासाठी असते. विसाव्या शतकातल्या रचनाकारांनी मात्र उजेड कुठे पडावा, डोळ्यांवर येऊ नये, हवा तसा वळवता यावा, या प्रश्नांना हात घातला. त्यांतले बहुतेक शिक्षणाने वास्तुविशारद होते, आणि त्यांच्या कल्पना प्रत्यक्षात उतरवणारे कुशल कारागीर मिलानच्या आसपास होते. जीनो सारफात्ती यांनी १९३९ साली ‘आर्तेलुचे’ ही दिव्यांची कंपनी काढली आणि शेकडो दिवे घडवले. ‘आर्तेमिदे’ १९६० मध्ये सुरू झाली. आर्को बनवणारी ‘फ्लोस’ १९६२ सालचीच.

कास्तिल्योनी बंधूंची नजर रोजच्या वापरातल्या वस्तूंवर असे. त्यांच्या ‘तोयो’ दिव्याच्या टोकाला मोटारीचा हेडलाइट आहे. वायर वर नेण्यासाठी मासे पकडण्याच्या गळकाठीच्या कड्या लावल्या आहेत, आणि दिवा कलंडू नये म्हणून लागणारे वजन तळाशी बसवलेला ट्रान्सफॉर्मरच पुरवतो. विको माजिस्त्रेत्ती यांचा १९६५ चा ‘एक्लिस्से’ हा छोटा टेबलदिवा याहून साधा. त्यात एक अर्धगोल स्थिर आहे आणि दुसरा त्याच्या आत फिरतो. आतला फिरवला, की चंद्रबिंबाला ग्रहण लागावे तसा बल्ब झाकला जातो. उजेड कमी-जास्त करायला वेगळे बटण लागत नाही. या दिव्याला १९६७ मध्ये ‘कोम्पासो द’ओरो’ हा इटलीतला रचनाक्षेत्रातला मानाचा पुरस्कार मिळाला.

रिचर्ड सॅपर हे जन्माने जर्मन, पण त्यांनी काम केले मिलानमध्ये. त्यांचा १९७२ चा ‘तित्सियो’ तर तोलाचा नमुनाच आहे. त्याचे दोन्ही हात वजने लावून तोललेले आहेत. बोटाने ढकलला की तो हलतो आणि सोडाल तिथे थांबतो. स्प्रिंग नाही, स्क्रू आवळणे नाही. हातांमध्ये वायरही नाही. तळातला ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब बारा व्होल्टपर्यंत उतरवतो, आणि एवढ्या कमी दाबाची वीज धातूच्या हातांमधूनच बल्बपर्यंत पोचते.

अशा दिव्यांच्या नकला होणार हे उघडच होते. आर्कोशी मिळताजुळता, चीनमधून आलेला दिवा विकण्यावरून झालेला वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेला. नमुन्याची नोंदणी नाही एवढ्याच कारणावरून अशा रचनेला कॉपीराइटचे संरक्षण सरसकट नाकारता येणार नाही. ती कॉपीराइटच्या अटींत बसत असेल, तर ते मिळू शकते, अशी भूमिका न्यायालयाने २०११ साली घेतली. घरगुती वापराच्या वस्तूमागेही लेखक-चित्रकाराइतकीच प्रतिभा असू शकते, हे त्यातून मान्य झाले.

हे दिवे महाग आहेत आणि प्रत्येकाने ते घ्यावेत असे मुळीच नाही. पण त्यांच्यापासून शिकण्यासारखे फुकट मिळते. घरासाठी दिवा निवडताना आधी त्याचा रंग आणि आकार पाहू नका. तो दुकानात लावून बघा, त्याच्यासमोर बसा, उजेड हव्या त्या जागी पडतो का आणि बल्ब डोळ्यांत खुपतो का ते तपासा, तो हाताने वळवून पाहा. या कसोटीला उतरलेला साधा दिवाही घराला शोभा देतो; न उतरलेला कितीही नक्षीदार असला, तरी थोड्याच दिवसांत तो कोणी लावेनासे होते.