आवाज वाढवण्याआधी इअरफोनचं रबर बदलून बघा

आमच्या शेजारच्या भाभी त्या दिवशी वैतागूनच घरी आल्या. त्यांची मुलगी आठवीत आहे, मगरिबनंतर मोबाईलवर तिचा तजवीदचा क्लास असतो. "हा तिसरा इअरफोन आणला हो, तरी हिला आपांचा आवाज नीट येत नाही. सीन आणि साद सारखेच ऐकू येतात म्हणते. आवाज फुल करून बसते, तो आम्हाला बाहेर ऐकू येतो. आणि रात्री झोपताना कानात शिट्टी वाजते म्हणून रडते."

इअरफोन हातात घेऊन पाहिला, तर ठणठणीत. मुलीला म्हटलं, बेटा, घालून दाखव बघू. तेव्हा खरी गोम कळली. इअरफोन कानाच्या तोंडाशी नुसता टेकलेला होता. मान वळवली की सुटायचा, ती पुन्हा दाबायची. डब्यात जादा रबरांच्या दोन जोड्या होत्या, पाकीटसुद्धा फोडलेलं नव्हतं. तिन्ही इअरफोनांची हीच कथा.

हे एका घरचं नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी ती जादाची रबरं कधी वापरलेलीच नसतात. दुकानात जे लावून मिळतं ते मधल्या मापाचं असतं, आणि आपण समजतो की इअरफोन असाच असतो.

कानात घालायच्या इअरफोनचं सगळं काम कानाच्या नळीत कोंडलेल्या हवेवर चालतं. त्याच्या आतला पडदा इवलासा, तो फार थोडी हवा हलवतो. रबर नळीला चारी बाजूंनी चिकटून बसलं तर तेवढीच हवा पुरते. कुठे फट राहिली की दाब निघून जातो. कुकरची रिंग सैल झाल्यावर गॅस कितीही मोठा करा, शिट्टी होत नाही ना, तसंच. आधी जातो तो खालचा, भारदस्त आवाज. बोलणाऱ्याचा आवाज पातळ, पत्र्यावरून आल्यासारखा वाटतो. त्याच फटीतून बाहेरचा गोंगाटही आत शिरतो: पंखा, टीव्ही, रस्त्यावरच्या रिक्षा. सीन आणि साद यांतला, किंवा मोठ्या आणि छोट्या हे मधला फरक मुळातच बारीक. तो पंख्याच्या घरघरीत बुडून जातो. मग हात आपोआप आवाज वाढवायच्या बटणावर जातो, आणि नुकसान तिथे सुरू होतं.

किती आवाज किती वेळ ऐकावा, याचा जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला हिशेब असा: मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत, लहान मुलांनी 75 डेसिबलचा 40 तासांपर्यंत. ऐकायला भरपूर वाटतं. पण आवाज दर 3 डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो. 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला फक्त 5 तास, तेही पूर्ण आठवड्याचे. फोनवर डेसिबल दिसत नाहीत, म्हणून सोपी खूण सांगतात ती ही, की कमाल आवाजाच्या 60 टक्क्यांच्या आत राहा. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. रात्रीची ती शिट्टी म्हणजे त्या पेशींवर ताण आल्याचा इशारा. दुसऱ्या दिवशीही ती राहिली किंवा ऐकू कमी येऊ लागलं, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाच दाखवायचं. लसणाचं तेल कोमट करून कानात सोडायची आपल्या घरची सवय इथे कामाची नाही.

आता रबराचं माप. लहान, मधलं, मोठं अशी तीन मापं बहुधा डब्यात येतात. तिन्ही घालून बघायची, आणि दोन्ही कान वेगवेगळे तपासायचे, कारण एकाच माणसाचे दोन कान एकसारखे असतीलच असं नाही. उजव्याला मधलं आणि डाव्याला लहान लागलं तर तसंच लावा, त्यात बिघडलं काही नाही. भाभींच्या मुलीचं तेच निघालं.

घालण्याचीही रीत आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते, पण सरळ नसते, वळण घेऊन जाते. समोरून नुसता दाबला तर इअरफोन वळणावरच अडतो. म्हणून डाव्या हाताने, डोक्यामागून नेऊन, उजव्या कानाचा वरचा भाग हळूच वर आणि मागे ओढायचा. नळी थोडी सरळ होते. उजव्या हाताने इअरफोन किंचित फिरवत आत सरकवायचा आणि मग कान सोडायचा. बसला की बाहेरचा आवाज एकदम मागे गेल्यासारखा वाटतो. डाव्या कानाला हात उलटे. पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटतं, नंतर हाताला सवय होते.

बसला की नाही हे कसं ओळखायचं? दफ वाजत असलेली एखादी नात किंवा कुणाचा भारदस्त आवाज लावा. ऐकता ऐकता इअरफोन बोटाने अगदी हलका आत दाबा. दाबल्यावर खालचा आवाज भरून आला आणि सोडल्यावर पुन्हा पातळ झाला, तर फट आहे, एक माप मोठं घ्या. काही फरक पडला नाही, तर बसलाय. दुखतंय, कान भरल्यासारखा वाटतोय, अर्ध्या तासात आत ठणकायला लागलं, तर माप मोठं झालं. दुखणं सहन करून सवय लावून घ्यायची ही गोष्ट नव्हे.

आणि ही परीक्षा गप्प बसून घेऊ नका. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकारही बदलतो. गप्प असताना पक्का बसलेला इअरफोन बोलताना, खाताना, किंवा मोठ्याने तिलावत करताना सुटू शकतो. क्लासच्या मुलांचं नेमकं हेच होतं: ऐकताना ठीक, स्वतः म्हणायला लागलं की आवाज पातळ. तेव्हा घातल्यावर तोंड मोठं उघडून, चार वाक्यं बोलून बघा. तरीही सुटत असेल तर फोमचं रबर मिळतं ते लावा. ते बोटांत वळून बारीक करायचं, कानात घालायचं आणि वीस-तीस सेकंद धरून ठेवायचं. ते फुगून नळीचा आकार घेतं. खोट एवढीच, की फोम लवकर मळतो, सिलिकॉनसारखा पुन्हा पुन्हा धुता येत नाही आणि काही महिन्यांत बदलावा लागतो.

कान नीट बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, विहिरीत बोलल्यासारखा. काहींना तो असह्य होतो आणि मग ते मुद्दाम इअरफोन सैल घालतात. आमचं मत असं, की सबक ऐकवायची वेळ आली की एक कान मोकळा करा, फक्त त्यावेळी दुसऱ्या कानातला आवाज वाढवू नका. घरात शांत जागा असेल तर इअरफोन काढून फोनचा स्पीकर लावणं सगळ्यात बरं. लहान मुलांच्या कानाला तर सगळ्यात छोटं रबरसुद्धा कित्येकदा मोठं पडतं. त्यांच्यासाठी कानावर बसणारा मोठा हेडफोन घ्यावा, आवाजाला मर्यादा घातलेला मिळाला तर उत्तम.

आपल्या घरांतल्या दोन गोष्टी माहितीपत्रकात लिहिलेल्या नसतात. एक म्हणजे वजू. मसह करताना ओलं बोट कानात फिरतं, गुसलनंतर तर पाणी आतही राहतं. ओल्या कानात सिलिकॉन घसरतं, आणि वर बूच लावल्यासारखी ओल कोंडली की आतली कातडी नरम होऊन खाज, जंतुसंसर्ग होतो. टॉवेलच्या टोकाने बाहेरचा कान पुसा, मान कलती करा, थोडा वेळ जाऊ द्या, मग घाला. दुसरी गोष्ट स्कार्फची. वरून घट्ट बांधला की कापड इअरफोनला एका बाजूने रेटतं, आत फट पडते आणि बाहेर कान दुखतो. इअरफोन आधी बसवावा, स्कार्फ त्यानंतर, कानावर एक बोट ढिला ठेवून. वायर स्कार्फच्या आतून नेताना थोडी सैल सोडा, नाहीतर मान वळली की ती इअरफोन ओढते. बिनवायरचा घेताना बाहेर कमी येणारा, चपटा बघून घ्या.

एकाच बाजूचा आवाज कमी झाला तर रबर काढून जाळी बघा, बहुतेक वेळा तिथे मळ असतो. जाळीचं तोंड खाली धरून सुक्या, मऊ ब्रशने झाडायचा, म्हणजे मळ आत जात नाही. सिलिकॉन साबणाच्या कोमट पाण्यात धुवून पूर्ण वाळवून परत लावा. कानात मात्र काडी घालू नका, मळ आणखी आत जातो. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर कानात घालायचा इअरफोन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आणि एकमेकांचे इअरफोन वापरायचे नाहीत, बहीण-भाऊ असले तरी.

नीट बसलेल्या इअरफोनचा एक धोका आहे, तोही सांगून ठेवतो. हॉर्न ऐकू येत नाही. रस्ता, रेल्वेचे रूळ, मोटारसायकल, इथे तो खिशात.

काढताना झटक्यात ओढू नका, आतल्या हवेची ओढ पडद्याला बसते. थोडा फिरवा, हवा आत जाऊ द्या, मग काढा. रबर कानातच अडकून राहिलं तर पिन, चिमटा असलं काही न करता दवाखाना गाठा.

भाभींची मुलगी आता फोनचा आवाज अर्ध्याच्या थोडा खाली ठेवते. साद अजून पक्का झालेला नाही, पण आपा काय म्हणतात ते ऐकू येतं, आणि शिट्टी पाच-सहा दिवसांत थांबली. तरी कान तपासून घ्या, असं आम्ही भाभींना सांगितलं आहे. शनिवारची वेळ मिळाली आहे.