गायकीच्या वाटेने भंडारा

भंडारा जिल्ह्याचे जुने ठाणे आज भंडारा जिल्ह्यात नाही, महाराष्ट्रातही नाही. ते होते लांजीला, आणि लांजी आता मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात आहे. 1817 साली सीताबर्डीच्या लढाईत नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांकडून हरले, पुढच्याच वर्षी त्यांची गादी गेली. नवे राजे तिसरे रघुजी वयाने लहान होते, म्हणून राज्याचा गाडा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स हाकू लागले. त्याच काळात, 1820-21 च्या सुमारास, लांजीची कचेरी भंडाऱ्याला आली आणि वैनगंगेकाठी नवा जिल्हा उभा राहिला. 1854 मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. 1867 मध्ये बालाघाट जिल्ह्याची जुळणी सुरू झाली आणि लांजी तिकडे गेली. 1 मे 1999 रोजी गोंदियाही वेगळा निघाला.

हा इतिहास बहुधा धान आणि तलावांच्या अंगाने सांगितला जातो. ते रास्तच आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला धान पिकला, नवेगाव बांध आजही त्याची साक्ष देतो. पण बांधीतला चिखल तुडवायला बैल आणि रेडे लागत, शेताला शेणखत लागे, आणि पेरणीपासून कापणीपर्यंत गुरे धानापासून लांब ठेवावी लागत. हे काम करणारा माणूस तलावाच्या कथेत क्वचितच येतो.

त्याला गावात गायकी म्हणतात. नागपूर, भंडारा, चांदा या टापूत हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः गोवारी समाजाकडे होते. सकाळी घरोघरची जनावरे सुटून गावाबाहेरच्या आखरावर जमायची. कोणती गाय कोणाची, कोणती मारकी, कोणती गाभण, कोणती कळप सोडून हमखास धानात शिरणार, हे गायकीला तोंडपाठ. खांद्यावर काठी आणि शिदोरी घेऊन तो कळप रानात नेई आणि दिवस कलताना परत आणी. बदल्यात सुगीला जनावरामागे ठरलेले धान मिळे. वाघाचा मुलूख असल्याने ही नोकरी जिवावरची होती.

1860च्या दशकात इंग्रजांनी जमीनबंदोबस्त केला. शेताची मोजणी झाली, मालगुजाराला गावाची मालकी मिळाली. लागवडीच्या प्रमाणात काही पडीत गावाकडे राहिली, उरलेले रान सरकारने राखले. पुढे वनकायदे आले आणि तिथल्या चराईवर शुल्क बसले. जिल्ह्याच्या घडणीतली सर्वांत मोठी घटना म्हणजे हा बंदोबस्त, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शेत ज्याच्या नावावर होते तो कागदावर आला, कळपामागे चालणाऱ्याच्या नावावर मात्र काहीच नव्हते. गावाच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे हक्कनोंदीत, रूढी आणि निस्ताराचे (चराई, सरपण यांचे) हक्क लिहिले जात, पण ते गावाचे हक्क होते, त्याच्या मालकीची जमीन नव्हे.

त्याचा मान होता तो दिवाळीत. लक्ष्मीपूजनानंतर गायगोधनाच्या दिवशी गुरे धुऊन, शिंगे गेरूने रंगवून, मोरपिसे बांधून आणतात. शेणाच्या गोधनावर लहान मूल क्षणभर ठेवून त्याच्यावरून गाय नेण्याची रीतही अनेक गावांत आहे. गोवारी मंडळी कवड्यांचा साज चढवतात, उंच काठीवरची ढाल नाचवतात, बासरी आणि डफ वाजवत दारोदार जातात. घरधनी त्यांना धान, कपडा, दक्षिणा देतो. त्यानंतर झाडीपट्टीत मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात, दंडार या लोकनाट्याचे फड रात्रभर रंगतात.

पण एका दिवसाच्या मानाने वर्ष निघत नाही. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात गोवारींची स्वतंत्र नोंद आहे, मात्र अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' असे नाव आले. त्यातून गोवारींना जमातीच्या सवलती मिळाव्यात की नाही, हा वाद पेटला. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपूरला विधिमंडळावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसे मेली. त्यांत बायका आणि लेकरे होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्या शहिदांचे नाव आहे. 14 ऑगस्ट 2018 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समाजाच्या बाजूने निकाल दिला, 18 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादीत न्यायालयाला बदल करता येत नाही, असे तिथे ठरले.

रानाचे भोगही संपलेले नाहीत. 1951 साली मालगुजारी गेली आणि गावांची पडीत सरकारजमा झाली. त्यातली बरीच जमीन कागदोपत्री 'झुडपी जंगल' ठरली. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत ही नोंद आहे. गुरे चारायची जागा म्हणून लोक तिला ओळखत, सरकारने कुठे शाळा, कुठे घरे, कुठे रस्ते तिच्यावर काढले. कामधंदाही बदलत गेला, भंडाऱ्याजवळचे जवाहरनगर हे त्याचे उदाहरण. 1960च्या दशकात आयुध निर्माणी आली आणि तिच्याभोवती कामगारांची वसाहत वाढली. जिथे अशी पगारी नोकरी आली, तिथे गायकीची पोरे कळपामागे कशाला जातील?

22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्वाळा दिला. 12 डिसेंबर 1996 पूर्वी इतर कामांसाठी दिलेल्या जमिनींकरिता राज्याने केंद्राची मंजुरी घ्यावी, असेही सांगितले. आता जिल्ह्याजिल्ह्यांत जुने नकाशे आणि निस्तारपत्रके पुन्हा बाहेर काढावी लागणार आहेत. आखर कुठे होता आणि गुरांची वाट कुठून जात होती, हे त्या कागदांशी ताडून सांगू शकणारे म्हातारे गायकी गावोगाव अजून आहेत. मोजणीच्या वेळी ग्राम महसूल अधिकाऱ्याने त्यांना सोबत घ्यायला हवे.