शेत तेच, जिल्हा तिसरा

घरच्या पत्र्याच्या पेटीत आमच्या एकाच शेताचे तीन पत्ते आहेत. आजोबांच्या कागदावर जिल्हा पश्चिम खानदेश, वडिलांच्या कागदावर धुळे आणि माझ्या सातबाऱ्यावर नंदुरबार. १ जुलै १९९८ ला धुळ्याचे दोन जिल्हे झाले. बांध मात्र जागचा हलला नाही. परवा रात्री लॅपटॉपवर लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याचा, सोर्स चाळताना ही पेटी आठवली.

कर्नलला प्रत्येक यंत्राशी बोलायला ड्रायव्हर लागतो. नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं 'ड्रायव्हर्स/नेट' या फोल्डरमध्ये येऊन पडत होते. २०११ मध्ये इंटेलच्या जेफ कर्शर यांनी तो पसारा आवरायला घेतला. आत 'इथरनेट' फोल्डर, त्यात इंटेल, ब्रॉडकॉम, रिअलटेक अशी कंपन्यांची घरं. जानेवारी २०१२ च्या ३.२ आवृत्तीत ही मांडणी आली.

पण सगळंच कंपनीच्या नावाने लावता येत नाही. एनई२००० धाटणीची कार्डं कितीतरी कंपन्यांनी काढली, पण आतली चिप ८३९० च्या कुळातली. म्हणून त्यांच्या फोल्डरचं नावच '८३९०'. हेडर फाइल सगळ्यांची सामाईक, तीही तिथेच. भाऊबंद वेगळे, विहीर एक.

रिअलटेकच्या ८१३९ चिपचा ड्रायव्हर मी नमुन्याला घेतला. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला साधा 'गिट लॉग' विचारला, तर फाइल २०११ मध्ये जन्मल्यासारखी दिसते. त्याला 'फॉलो' हा पर्याय जोडला की जुन्या पत्त्यावरून माग थेट १६ एप्रिल २००५ पर्यंत जातो. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांच्या गिट भांडारातली ती पहिली नोंद. गंमत म्हणजे फाइल हलली हे गिट कुठेच लिहून ठेवत नाही. जुना आणि नवा मजकूर ताडून ते ओळखतं. एक अक्षरही बदललं नसेल तर साम्य १०० टक्के. ५० च्या खाली गेलं की एरवी ती फाइल नवीच धरली जाते. म्हणून शिस्त अशी: या खेपेला फक्त हलवायचं, दुरुस्ती पुढच्या खेपेला.

फाइल हलवायला एक आज्ञा पुरते. वेळ जातो तो मेकफाइल, केकॉन्फिग (या कर्नल बांधणीच्या फायली) आणि मेंटेनर्सच्या यादीतले जुने पत्ते बदलण्यात. केकॉन्फिगमध्ये प्रत्येक कंपनीचा नवा पर्याय आला, पण त्याला मुळातच 'हो' लावून ठेवलं. नाहीतर जुनी कॉन्फिग फाइल घेऊन कर्नल बांधणाऱ्याचा ड्रायव्हर गुपचूप गळला असता. ड्रायव्हरच्या मॉड्यूलचं नावही तेच राहिलं. मॉड्यूल चढवणारा 'मॉडप्रोब' नावाने हाक मारतो, पत्ता यादीतून काढतो.

आजोबांचा पिवळा पडलेला कागद टाकून दे, असं घरचे म्हणतात. मी टाकत नाही. सातबाऱ्याला 'फॉलो' जोडता येत नाही.