आकाशातून माउलींचे दर्शन आणि त्याची अनुज्ञा

ज्येष्ठ वद्य अष्टमी जवळ आली, की इंद्रायणीच्या घाटावर पताकांची दाटी होऊ लागते. महाद्वारापुढे टाळांचा ध्वनी घुमू लागतो आणि आळंदीच्या घराघरांतून एकच लगबग सुरू होते. ही शोभा नवी नव्हे. आमच्या बाळपणीही ती अशीच होती. परंतु अलीकडे या घोषात एक नवा आवाज मिसळला आहे. भुंग्याच्या गुंजारवासारखा तो आवाज ऐकून मान वर करावी, तो चार पंखांचे एक लहानसे यंत्र डोक्यावर तरंगत असते आणि त्याच्या पोटाशी कॅमेऱ्याचा डोळा मिचमिचत असतो. या यंत्राला ड्रोन म्हणतात, हे आता शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. ते उडविण्यास अनुज्ञा लागते, हे मात्र पुष्कळ जाणत्या माणसांनाही ठाऊक नसते. प्रस्तुत लेखकासही नव्हते. कीर्तनकाराने हवाई नियमांविषयी लिहावे, हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण ज्या प्रसंगाने मला हे शिकावे लागले, तो सांगितला म्हणजे आश्चर्य वाटणार नाही.

माझ्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सारे आक्का म्हणतो, त्यांनी एकतीस वर्षे पायी वारी केली. पुढे पडल्याचे निमित्त झाले, खुब्याचे हाड मोडले आणि त्यांची वारी अंथरुणावर आली. आषाढ लागला, की त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत. त्यांच्या नातवास हे पाहवेना. २०२३ च्या प्रस्थानाच्या दिवशी त्याने एका परिचिताने परदेशातून भेट आणलेले ड्रोन आमच्या गच्चीवरून उडविले. आजीला प्रस्थानाचा सोहळा दाखवावा, एवढाच त्याचा हेतू. यंत्र वर गेले आणि पुरती दहा मिनिटेही झाली नसतील, तोच जिन्यावर बुटांचा आवाज झाला. यंत्र खाली आले, मुलगा चौकीवर गेला. आणि आमच्या दिंडीचे विणेकरी, ज्यांनी त्या वेळी देउळवाड्यात उभे असावयाचे, ते चौकीच्या बाकावर बसले. माफीपत्र लिहून मुलगा रात्री घरी आला. यंत्र आले नाही. विणेकऱ्यांचे प्रस्थान चुकले, ते चुकलेच. माझ्या मनाला ही गोष्ट फार लागली. पोलिसांचा राग मला आला नाही असे म्हणणार नाही, आला होता. पण नियम वाचले आणि तो ओसरला.

प्रस्थानाच्या वेळी देउळवाड्यात काय घडते, ते आठवावे. दिंड्या नाचत असतात, नामघोष टिपेला पोहोचतो आणि साऱ्यांची दृष्टी शिखराकडे लागलेली असते. कळस हलला, की माउलींची अनुज्ञा झाली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. मग पालखी हलते. म्हणजे माउलींची पालखीसुद्धा माउलींस विचारल्यावाचून निघत नाही. आणि आम्ही मात्र त्याच कळसाच्या वर, कोणास न विचारता, यंत्र पाठवून बसलो होतो!

दूरचे किंवा उंचावरचे पाहणे आमच्या ग्रंथांतही कोणास फुकट मिळालेले नाही. महाभारताच्या भीष्मपर्वात व्यास धृतराष्ट्रास युद्ध पाहण्याची दृष्टी देऊ करतात. तो ती नाकारतो आणि मग ती संजयास मिळते. अर्जुनास विश्वरूप पाहावयाचे झाले, तेव्हा आधी दिव्य चक्षू मिळावे लागले. रघुवंशाच्या तेराव्या सर्गात श्रीराम सीतामाईस विमानातून सागर, सेतू आणि अरण्ये दाखवितात. वरून दिसणाऱ्या पृथ्वीचे इतके रम्य वर्णन अन्यत्र क्वचितच आढळेल. पण ते पुष्पक कुबेराचे. कार्य होताच रामांनी ते धन्याकडे परत पाठविले. विद्यार्थ्यांना हा सर्ग मी कितीदा शिकविला असेन. परंतु पुष्पक परत जाण्याच्या प्रसंगाशी मी यापूर्वी असा कधी थांबलो नव्हतो.

आता नियमांकडे वळू. भारतात २०१४ च्या ऑक्टोबरात नागरी कामासाठी ड्रोन उडविण्यास सरसकट मनाई झाली होती. पुढे २०१८ च्या डिसेंबरापासून काही अटींवर वाट मोकळी झाली आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र शासनाने ड्रोन नियम प्रसिद्ध केले. त्या नियमांनी अर्जांचे नमुने पंचविसांवरून पाचांवर आणि शुल्काचे प्रकार बहात्तरांवरून चारांवर आणले. सरकारी कारभारात कागद कमी झाल्याचे असे उदाहरण विरळाच, म्हणून मुद्दाम नोंदवितो. त्याच वर्षी सप्टेंबरात देशाच्या आकाशाचा एक नकाशा ‘डिजिटल स्काय’ या संगणकीय मंचावर ठेवण्यात आला. त्यात आकाश तीन रंगांत रंगविलेले आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत हवाई अनुज्ञेची गरज नाही. पिवळ्या भागात त्या त्या हवाई नियंत्रण कक्षाची अनुज्ञा हवी. लाल भागात केंद्र शासनावाचून कोणीही अनुज्ञा देऊ शकत नाही.

हे वाचून पुष्कळांना वाटते, की आळंदी खेडेवजा क्षेत्र, तेथे कसला आला पिवळा आणि लाल! माझीही हीच समजूत होती. पण लोहगावचा विमानतळ आळंदीहून सरळ रेषेत दहा-अकरा किलोमीटरच भरेल. आणि तो नुसता प्रवासी विमानतळ नव्हे, तो हवाई दलाचा तळ आहे. तेथील नियंत्रण कक्षही हवाई दलाच्याच हाती आहे. नियम असा, की चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ ते बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात आकाश फक्त २०० फुटांपर्यंत हिरवे. त्याच्या वर गेलात की पिवळे. विमानतळाच्या जवळ जावे, तसतसे बंधन वाढते. पालखी आळंदीहून निघून दिघी, विश्रांतवाडी या मार्गाने पुण्यात येते, म्हणजे पावलोपावली त्या तळाच्या निकट सरकते. दिघीस संरक्षण संशोधनाची संस्था, खडकीस दारूगोळ्याचा कारखाना. तुकोबारायांच्या पालखीच्या वाटेवर देहूरोडला तर लष्करी छावणीच आहे. पुण्याभोवतीच्या आकाशात रंगांची अशी दाटी आहे, की उड्डाणापूर्वी त्याच दिवशी नकाशा पाहिल्यावाचून कोणाच्याही ऐकीव माहितीवर विसंबू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आज हिरवे असलेले आकाश उद्या लाल होऊ शकते. तातडीची गरज असेल, तर पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास कोणताही विशिष्ट भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल घोषित करता येतो. तो भाग विनाकारण मोठा ठेवू नये, असेही त्याच नियमात म्हटले आहे, हे मला विशेष वाटले. शिवाय वारीच्या काळात स्थानिक प्रशासनाचे मनाईचे आदेश वेगळे निघू शकतात. म्हणून नकाशात हिरवा रंग दिसला, तरी जेथून उडवावयाचे त्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात विचारणे, हे आलेच.

आमच्या मुलाची दुसरी समजूत अशी, की यंत्र लहान म्हणजे नियमातून सुटले. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या यंत्रास ‘नॅनो’ म्हणतात आणि त्याला काही सवलती आहेत खऱ्या. त्यास विमा नको, चालकास प्रमाणपत्र नको. पण लाल आणि पिवळा रंग त्यालाही चुकत नाही. अडीचशे ग्रॅम ते दोन किलोपर्यंतच्या यंत्रालाही, ते धंद्यासाठी नसेल, तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. यंत्राची नोंदणी होऊन त्याला विशिष्ट ओळख क्रमांक मात्र मिळालेला असावा लागतो, आणि विमाही लागतो. आणि परदेशातून आणलेली भेट? ९ फेब्रुवारी २०२२ पासून संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांखेरीज तयार ड्रोनच्या आयातीस बंदी आहे. ज्यांची मुले परदेशी असतात अशा घरांतून ही चूक सहज घडते, म्हणून सांगतो. सामानातून आलेले ते खेळणे आपल्याकडे आल्यावर खेळणे राहत नाही.

हे सारे समजल्यावर २०२४ च्या वारीसाठी मुलाने नव्याने तयारी केली. सक्ती नसताही त्याने मान्यताप्राप्त संस्थेत शिकून चालकाचे प्रमाणपत्र घेतले. त्यासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि वय अठरा ते पासष्ट. (मी सहज विचारले, ‘‘मला मिळेल काय?’’ तर तो म्हणाला, ‘‘आजोबा, घाई करावी लागेल.’’) देशी बनावटीचे, नोंदणी आणि विमा असलेले यंत्र त्याने भाड्याने ठरविले. मग आम्ही अर्ज लिहिला. पहिला मसुदा माझा होता. त्यात पांडित्य फार आणि माहिती थोडी. मुलाने तो बाजूला ठेवला आणि एका पानात जागा, दिवस, वेळ, उंची, यंत्राचा क्रमांक, चालकाचे नाव आणि हेतू एवढेच लिहिले. मला वाटते, अर्ज असाच असावा.

याच सुमारास आमच्या फडातील एका वयोवृद्ध वारकऱ्यांनी मला एकांतात गाठून विचारले, ‘‘बुवा, कायद्याचे राहू द्या. माउलींच्या पादुका रथात असतात. त्यांच्या माथ्यावरून यंत्र न्यावे, हे शास्त्राला धरून आहे का?’’ मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. प्रश्न साधा नव्हता. देवळाच्या शिखरावर कारागीर चढतोच, कळस बसविणाऱ्याचे पाय काही काळ देवाच्या वरच असतात. त्यास कोणी दोष देत नाही, कारण ती सेवा आहे. परंतु केवळ पाहण्याच्या हौसेसाठी पादुकांवरून जाणे मला रुचेना. आणखी दोन गोष्टी मनात आल्या. घाटावर आपल्या आया-बहिणी स्नान करीत असतात. त्यांच्यावर वरून डोळा रोखण्याचा अधिकार कोणत्याही रंगाचे आकाश देत नाही. आणि रिंगणाचे अश्व. टाळ-मृदंगाच्या कल्लोळात ते न बुजता धावतात, पण डोक्यावरचा हा गुंजारव त्यांच्या ओळखीचा नाही. अश्व बुजला, तर कोणाकोणाच्या अंगावर जाईल! मी त्या वारकऱ्यांस सांगितले, की रथावरून, माणसांवरून, घाटावरून आणि रिंगणावरून यंत्र जाणार नाही. तसे अर्जातच लिहून देऊ. त्यांनी मान हलविली. पुढे उत्तर आले, त्यात अधिकाऱ्यांनीही जवळजवळ हीच अट घातली होती. ती त्यांनी गर्दीच्या सुरक्षेसाठी घातली. यंत्राची बॅटरी संपली किंवा पाते तुटले, तर ते दगडासारखे कोसळते. आणि खाली जर माणसांचा समुद्र असेल, तर इजेपेक्षाही चेंगराचेंगरीचे भय मोठे.

आळंदीतील प्रस्थानासाठी अनुज्ञा मिळाली नाही. स्पष्ट नकार आला. दिवे घाटासाठी मिळाली, तीही वरच्या बाजूच्या एका शेतातून, ६० मीटर उंचीपर्यंत, वीस मिनिटांची. सोबत एक पोलीस शिपाई उभा राहणार आणि त्याने सांगताच यंत्र खाली आणावयाचे. मुलाचा चेहरा उतरला. प्रस्थानच तर दाखवावयाचे होते, असे तो पुन्हा पुन्हा म्हणाला. मी त्याला समाजआरतीची आठवण दिली. संध्याकाळी तळावर चोपदार हातातील दंड उंच करतात आणि तेवढा अफाट समुदाय एका क्षणात निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तीच टाळ वाजवीत राहते. मग चोपदार तिच्यापाशी जाऊन तिचे ऐकून घेतात. ‘‘तुझी तक्रार असेल, तर टाळ वाजव, पण दंड वर आहे हे विसरू नको,’’ असे मी म्हणालो. त्याने पुन्हा एक अर्ज केला, प्रस्थानासाठीच. त्यालाही नकार आला. मग तो गप्प राहिला.

दिवे घाटाच्या दिवशी पहाटेच मुलगा शेतात जाऊन बसला. वारा पडलेला होता, ही माउलींची कृपा. वीस मिनिटांपैकी सतरा मिनिटेच यंत्र वर होते. शिपायाने खूण केली आणि ते खाली आले. चित्रण आक्कांच्या खोलीतील दूरचित्रवाणीवर लावले, तेव्हा घरातील सारी मंडळी दाराशी उभी होती. बाजूने पाहिलेला घाट होता तो. पायथ्याशी मस्तानी तलाव, आणि वडकीकडून वळणावळणाने वर येणारी पांढरी रेघ. त्या रेघेत भगव्या पताकांचे ठिपके. चेहरे कोणाचेच ओळखू येत नव्हते. रथ फुलांनी झाकलेला, मुठीएवढा दिसत होता. चढासाठी जोडलेल्या जादा बैलजोड्या दिसल्या, तशा आक्कांनी चित्र थांबवावयास सांगितले. बोटाने त्या जोड्या मोजल्या. मग म्हणाल्या, ‘‘या वळणावर फार धूळ असते. रथाच्या मागची दिंडी इथे नेहमी पदर नाकाला लावते. पुन्हा दाखव रे.’’

त्या दिवशी ते वळण चार वेळा पाहिले गेले. यंदाचा अर्ज मुलाने चैत्रातच दिला आहे. त्यात आळंदीचे प्रस्थानही आहे आणि दिवे घाटही. उत्तर अद्याप यावयाचे आहे. आक्का रोज दुपारी विचारतात.