छातीवर नाव कुणाचं?

आज आपण फुटबॉलवर बोलणार आहोत. लगेच रेडिओ बंद करू नका. विषय खेळाचा असला तरी तो आपल्या उंबऱ्यापर्यंत येतो.

आमच्या कोल्हापूरकडे फुटबॉलचं वेड सांगायला नको. तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठांमध्ये दुसरा विषय नसतो. आता गावच्या शाळेत मुलींचाही संघ झाला आहे. त्यांना सोळा जर्सी हव्या होत्या. तेव्हा एक कंपनी पुढे आली. आपल्यातल्या कित्येक जणींच्या दारात आठवड्याच्या हप्त्याला येते, तसलीच कर्ज देणारी कंपनी. म्हणाली, जर्सी फुकट देतो, फक्त छातीवर आमचं नाव ठळक हवं. गावाचं नाव कुठं, तर कुठंच नाही.

बैठकीत यावर बोलणं निघालं तेव्हा एका काकींनी विचारलं, "टीव्हीवर क्लबांच्या शर्टावर एवढी मोठी जाहिरात असते. मग वर्ल्ड कपला देशाच्या शर्टावर का नसते?" प्रश्न चांगला होता. आम्ही माहिती काढली, ती तुम्हाला सांगतो.

फुटबॉलमध्ये क्लबचा शर्ट आणि देशाचा शर्ट यांचे नियम वेगळे आहेत. क्लबच्या शर्टावर जाहिरात येऊन पन्नास वर्षं झाली. १९७३ साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग या क्लबाला एका दारूच्या कंपनीनं पैसे देऊ केले. तिथल्या फुटबॉल संघटनेनं जाहिरातीला नकार दिला. मग क्लबानं युक्ती केली. आपलं जुनं चिन्हच बदललं आणि दारूच्या बाटलीवरचं हरणाचं डोकं क्लबाचं चिन्ह म्हणून छातीवर लावलं. पुढं तिथं जाहिरातीला परवानगीच मिळाली.

देशाच्या संघाला मात्र ती वाट नाही. फिफा ही जागतिक फुटबॉलची संघटना. तिच्या नियमाप्रमाणे वर्ल्ड कप असो की त्याची पात्रता फेरी, राष्ट्रीय संघाच्या खेळायच्या कपड्यांवर प्रायोजकाची जाहिरात चालत नाही. शर्टावर देशाच्या फुटबॉल संघटनेचं चिन्ह, नंबर, खेळाडूचं नाव, स्पर्धेचा बिल्ला आणि शर्ट बनवणाऱ्या कंपनीची छोटी खूण, एवढंच. ती खूणही साधारण काडेपेटीच्या तोंडाएवढी.

म्हणजे तिथं कंपन्यांचा पैसा येत नाही असं समजू नका. भरपूर येतो, पण त्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सरावाच्या शर्टावर नाव चालतं. खेळाडू पत्रकारांशी बोलतात, त्यांच्या मागच्या फलकावर चालतं. दुकानात चाहत्यांना विकायच्या शर्टावरही काही देशांनी नाव घातलं. १९९० च्या वर्ल्ड कपला आयर्लंडच्या चाहत्यांच्या अंगात ओपेल या मोटार कंपनीचं नाव असलेले शर्ट होते. मैदानातल्या अकरा जणांच्या छातीवर मात्र ते नव्हतं.

आता क्रिकेट बघा. तिथं देशाच्या संघाच्या छातीवरही प्रायोजक चालतो. आपल्या संघाच्या शर्टावर सहारा आलं, मग स्टार, ओप्पो, बायजूज, ड्रीम इलेव्हन. यातल्या बायजूजची पुढं थकबाकी राहिली आणि क्रिकेट मंडळाला वसुलीसाठी दाद मागावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला, तेव्हा ड्रीम इलेव्हनचं नाव उतरलं आणि सप्टेंबरचा आशिया चषक आपला संघ प्रायोजकाशिवायच खेळला. नाव छातीवर घेतलं की त्या कंपनीची पत आणि बदनामी, दोन्ही आपल्या अंगावर येतात. क्रिकेटमध्येही वर्ल्ड कपला मात्र छातीवर देशाचंच नाव असतं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हाचे फोटो काढून बघा.

छोटी खूणही साधी नसते, हेही सांगायला हवं. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपला इंग्लंडचा संघ अंतिम फेरीत गेला. त्यांची गोलकीपर मेरी अर्प्स. तिनं अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली आणि स्पर्धेतली सर्वोत्तम गोलकीपर ठरली. पण तिचा शर्ट बाजारात विकायला नव्हताच. शर्ट बनवणाऱ्या नाइकी कंपनीनं बाकीच्या खेळाडूंचा काढला, गोलकीपरचा काढला नव्हता. अर्प्स स्वतः त्यावर बोलली. दीड लाखाहून जास्त लोकांनी अर्जावर सह्या केल्या, तेव्हा कंपनीनं थोडे शर्ट काढले आणि ते हातोहात संपले. म्हणजे खूण काडेपेटीएवढी असली तरी निर्णय कंपनीच्याच हातात होता. लोक बोलले म्हणून तो बदलला.

प्रायोजकानं आपणहून जागा सोडल्याचंही उदाहरण आहे. २०२१ मध्ये, कतारच्या वर्ल्ड कपआधी, डेन्मार्कच्या संघाच्या दोन प्रायोजकांनी सरावाच्या कपड्यांवरची आपली जागा मानवी हक्कांच्या संदेशांसाठी मोकळी केली. पैसे देणाऱ्यानंही कधी मागं सरकायचं असतं, ते असं.

हे सगळं ऐकून झाल्यावर आम्ही पुन्हा आपल्या सोळा जर्सींकडं वळलो. एक वहिनी म्हणाल्या, "माझा हप्ता चुकला की ते दारात बसतात. आणि माझ्या पोरीनं त्यांचं नाव छातीवर घेऊन पळायचं?" त्यावर कुणी काही बोललं नाही.

आम्ही कंपनीला कळवलं, नाव बॉलच्या पिशवीवर घालू, छातीवर नाही. त्यांनी नको म्हटलं. मग हिशोब मांडला. एक जर्सी ३०० रुपयांना, सोळांचे ४,८०० रुपये. आम्ही बारा जणींनी घरटी २०० काढले, ते २,४०० झाले. गिरणीवाल्या दादांनी १,००० दिले. उरलेले १,४०० शाळेतल्या सरांनी आणि बाईंनी मिळून घातले. गिरणीचं नाव पिशवीवर आहे. छातीवर गावाचं नाव आहे. बुटांना पैसे उरले नाहीत, त्यामुळे मुली अजून जुन्याच बुटांवर खेळतात. तेही खरं आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, फुकट साडी असो, पिशवी असो की मंडपाची कमान, घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. नाव कुठं येणार आणि केवढं? ते नाव किती दिवस वागवायचं? आणि उद्या त्या कंपनीशी आपलं भांडण झालं, तर बोलायला आपलं तोंड मोकळं राहील का? मदत जरूर घ्या. पण जागा आधी आपण ठरवा.