डबा हवा की नको?

मुलांनो, हा लेख वाचण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि बंद असलेल्या एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांकडे नीट बघा. चिकट, तपकिरी थर दिसतोय ना? पंख्यावर तर कुणी तेल ओतलेलं नसतं. मग हा थर आला कुठून? फोडणी दिली की तेलाचे बारीक कण वाफेबरोबर वर जातात, पात्यांना चिकटतात, त्यावर धूळ बसते आणि थर वाढत जातो.

अगदी अशीच गोष्ट गाडीच्या इंजिनात घडते. तिच्यावरून अमेरिकेतले पिकअपवाले हिरिरीने वाद घालतात. (मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपला तिकडे ट्रकच म्हणतात.) वादाचा विषय आहे 'ऑइल कॅच कॅन', म्हणजेच तेल पकडणारा डबा!

आधी इंजिनात डोकावू या. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचा भडका उडतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती रिंगा असतात. त्या कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू खाली निसटतोच. खाली इंजिन ऑइलचे तुषार उडत असतात, ते या वायूत मिसळतात. हा वायू कोंडून ठेवला तर दाब वाढून तेल गळू लागेल. पूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. त्याने हवा बिघडे. म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, आधी कॅलिफोर्नियात आणि मग सगळ्या अमेरिकेत, तो पुन्हा इंजिनात पाठवून जाळण्याची पद्धत आली.

आता खरी गंमत ऐका. आधीच्या इंजिनांत पेट्रोलचा फवारा हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हच्या पाठीवर उडे. पेट्रोलमध्ये मळ काढणारी द्रव्यंही असतात. त्यामुळे व्हॉल्व्हची जाता जाता आंघोळ होई. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये मात्र फवारा थेट सिलिंडरमध्ये उडतो. ताकद वाढते, इंधन वाचतं, पण व्हॉल्व्हची आंघोळ बंद! तेलाचे कण तापलेल्या व्हॉल्व्हवर भाजून काळा, कडक कार्बन धरतो. हवेची वाट अरुंद होते, इंजिन अडखळतं. मग तो काढायचा कसा? अक्रोडाच्या कवचांचा चुरा दाबाच्या हवेने व्हॉल्व्हवर मारतात! कवच कार्बन उडवण्याइतकं कडक असतं, पण धातूला इजा करत नाही.

यावर उपाय म्हणून काहीजण वायूच्या नळीत डबा बसवतात. आत जाळी किंवा आडोसे असतात. वायू वळणं घेतो, थंड होतो आणि भाताच्या झाकणाला आतून थेंब जमतात तसे तेलाचे थेंब जमून तळाशी पडतात. डबा उघडला की खरंच तेल-पाणी निघतं. डबेवाले म्हणतात, "बघा, हे सगळं व्हॉल्व्हवर बसलं असतं!"

पण थांबा! सगळं नसतं बसलं. बरंचसं सिलिंडरमध्ये जाऊन जळून गेलं असतं. शिवाय थोडं तेल व्हॉल्व्हच्या दांड्यावरूनही झिरपतं, तिथे डब्याचा काही उपयोग नाही. डबा वेळेवर रिकामा केला नाही, तर साठलेलं तेल पुन्हा इंजिनात ओढलं जाऊ शकतं. कडाक्याच्या थंडीत त्यातलं पाणी गोठून वाटच तुंबू शकते. म्हणजे औषधापेक्षा दुखणं बरं!

कंपन्यांनी काय केलं? फोर्डच्या एफ-१५० पिकअपमध्ये २०११च्या मॉडेलपासून ३.५ लिटरचं डायरेक्ट इंजेक्शन इंजिन मिळू लागलं. २०१७च्या मॉडेलपासून त्याच आकाराच्या नव्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर आले. एक सिलिंडरमध्ये आणि दुसरा व्हॉल्व्हच्या आधी. याचे इतर फायदे आहेतच, पण आंघोळही पुन्हा सुरू झाली! अशा इंजिनाला डब्याची गरज फारच कमी.

आपल्याकडचे डिझेल मालट्रकही डायरेक्ट इंजेक्शनचेच. पण डिझेलची तऱ्हा वेगळी. तेल वेगळं करणारा भाग अनेक नव्या डिझेल इंजिनांत कंपनीच बसवते. त्याची निगा राखली म्हणजे झालं.

मग उत्तर काय? पेट्रोलचा फवारा फक्त सिलिंडरमध्ये उडत असेल आणि गाडी रोज जड ओझं ओढत असेल, तर डबा थोडीफार मदत करतो. तोही नियमाने रिकामा केला तरच. नाहीतर योग्य प्रतीचं ऑइल वेळेवर बदलणं हेच बरं. पालकांनो, डबा बसवण्याआधी वॉरंटीचंही विचारून घ्या. आणि नळी काढून वायू बाहेर सोडणं? छे! ते तर शेजाऱ्याच्या दारात केर टाकण्यासारखं झालं.

एक्झॉस्ट फॅनला जाळी बसवली, तरी ती जाळी कुणीतरी धुवावी लागतेच ना? तर मग येत्या रविवारी घरातल्या मोठ्यांना पंखा पुसायला मदत करा. आधी त्यांना बटण बंद करून प्लग काढायला सांगा बरं का!