जाळी का आटते?

आजीने महिनोन् महिने खपून विणलेला क्रोशाचा रुमाल पहिल्याच धुण्यात आटला, तर घरातील सर्वांनाच हळहळ वाटते. मग दोष कधी साबणाला दिला जातो, तर कधी धुणाऱ्याला. खरे कारण मात्र धाग्यातच दडलेले असते.

तेलगावच्या परिसरात काळ्या जमिनीत कापूस पिकतो. मराठवाड्यात जवसही पेरतात. जवसाची चटणी आपण आवडीने खातो. परंतु युरोपात याच वनस्पतीच्या उंच वाढणाऱ्या जातींच्या खोडापासून तंतू काढतात. त्यांचे कापड म्हणजे लिनन. बेल्जियममधील प्रसिद्ध जाळीकाम पूर्वी याच धाग्याने होत असे.

धागा कापसाचा असो वा जवसाचा, कातताना व विणताना तो ताणला जातो. पाण्यात भिजताच त्याचे तंतू फुगतात. ते लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत वाढतात. जाड झालेल्या धाग्याला शेजारच्या धाग्याभोवती वळसा घेण्यास अधिक लांबी लागते. शिवाय पूर्वीचा ताणही सुटतो. म्हणून वीण जवळ येते आणि जाळी आखूड होते.

यावर उपाय आहे. विणण्यापूर्वीच धाग्याची लड भिजवून वाळवावी. जाळी कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, हलके दाबून धुवावी. चोळू नये, पिळू नये. पंचात गुंडाळून पाणी टिपावे. नंतर सतरंजीवर स्वच्छ कापड अंथरून, ओली जाळी मूळ मापाला ताणून, न गंजणाऱ्या टाचण्या लावून सावलीत वाळवावी.

आटलेला रुमालही अशाच रीतीने पुष्कळसा पूर्ववत होतो. म्हणून तो टाकून देण्याची घाई करू नये. ज्या हातांनी तो विणला, त्यांच्या श्रमाचे मोल आपण जाणले पाहिजे.